मोगऱ्याचा थेंब

डेव्हन ॲव्हेन्यूवरचा तो इजिप्शियन अत्तरवाला भाव सांगायच्या आधी गिऱ्हाइकाच्या हातावर थेंब लावायचा, आपल्याकडे लग्नात लावतात तसा. "एक फेरी मारून या, मिस्टर इंजिनिअर! अत्तराला घाई चालत नाही," म्हणायचा.

एकदा मी मोगरा मागितला. "आई माळायची," म्हणालो.

"गेली का? आमच्याकडे शेवटच्या आंघोळीनंतर सुगंध लावतात. तुम्ही लावलात?"

ती गेली तेव्हा ऑफिसचं काम पुढे करून मी भारतात गेलोच नव्हतो. आजवर कुणाजवळ न बोललेलं ते त्याच्याजवळ बोललो.

त्याने बाटली माझ्या हाती दिली, बाही वर सारली आणि स्वतःचाच हात पुढे केला. "माझ्या आईलाही परक्यांनीच लावला. लावा."

मी थेंब लावला. मग कितीतरी वेळ मला त्याचा हात सोडवेना.