बहिणीची सही

कारखान्यातल्या लोकांना कमी करणार अशी बातमी नवऱ्यानं वाळूजहून, कामावरून येताना आणली, तेव्हापासून माझ्या डोक्यात जागा घुसली. आपल्या नावावर जमिनीचा एक तुकडा पाहिजे. आज नाही बांधता आलं तरी पुढं भाव येईल. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी संपली की घरी जाऊन झोपायचं सोडून मी रिक्षा करून शहराबाहेरच्या पाट्या वाचत हिंडायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय."

दौलताबादच्या रस्त्याला एका एजंटनं मला जागा दाखवली. माळरान होतं, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले. मालक पन्नाशीचा शेतकरी, पांढरी टोपी, बोलायला मऊ. मी दवाखान्यात आहे कळल्यावर तो आणखी मोकळा झाला. "माय तुमच्याच दवाखान्यात गेली बाई," तो म्हणाला. "लई केलं तिथल्या नर्सबायांनी तिचं." मला भरून आलं. एजंट लगेच म्हणाला, "सिस्टर, उशीर करू नका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. सातबारा यांच्याच नावावर आहे, बिनशेती झालेली आहे, अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे ते मला खरंच माहीत नव्हतं. म्हणून कागद घेऊन मी जुन्या शहरातल्या एका वकिलाकडं गेले. वयस्कर मुसलमान गृहस्थ, निम्मं मराठी, निम्मं दखनी बोलायचे. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सातबारा पे नाम है इसका मतलब मालिक है, ऐसा नहीं होता बाई. ही नोंद सरकारी शेतसाऱ्यासाठी. बाप गेल्यावर वारस म्हणून एकट्या मुलाचं नाव लागलंय. बहन है क्या इनको, पहले पूछो. असेल तर तिचाही हिस्सा आहे. उद्या ती कोर्टात गेली तर तुमचा प्लॉट गेला म्हणून समजा."

दुसऱ्याच दिवशी मी मालकाला विचारलं.

"हाय एक. कन्नड गावाच्या पुढं दिली. तिच्या घरच्यांची पिठाची गिरणी हाय. पण तिला काय कमी केलं नाय आम्ही, साडीचोळी, दिवाळी, समदं."

"मग खरेदीखतावर त्यांची संमतीची सही घ्या," मी म्हटलं.

"घेऊ की. त्यात काय."

रजिस्ट्रीच्या दिवशी तो बहिणीला घेऊन आला. डोक्यावरून पदर ओढलेली, गोरी, हसतमुख बाई. त्या काळी ओळख पटवायला दोन साक्षीदार पुरायचे. त्यातला एक तर एजंटच होता. गर्दी होती, नंबर लागायला वेळ होता. मालक झेरॉक्स काढायला खाली गेला आणि आम्ही दोघी बाकावर राहिलो. गप्प बसणं मला जमत नाही. मी सहज म्हटलं, "तुमची आई आमच्याच दवाखान्यात होती म्हणे. फार त्रास झाला का शेवटी?"

"माय? माझी माय चांगली हाय की. कालच आलीय माझ्याकडं," ती म्हणाली. आणि बोलता बोलताच तिचं तोंड उतरलं. पदर पुढं ओढून ती दुसरीकडं बघायला लागली.

मी कागदांची पिशवी उचलून उभी राहिले. मालक वर आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "मला आज खरेदी करायची नाही." आणि जिना उतरले. मागून एजंट हाका मारत होता.

नवरा म्हणाला, "सुटलो. आता विषय बंद." पण मला घरात बसवेना, वार्डात लक्ष लागेना. सलाईन लावताना त्या खऱ्या बहिणीचा विचार यायचा. तिच्या नावानं कुणीतरी अंगठा उमटवणार होतं आणि तिला ठाऊकही नव्हतं. माझ्यानंतर दुसरं गिऱ्हाईक आलं तर? शेवटी सुट्टीच्या दिवशी मी कन्नडची एसटी धरली. तिथून जीपनं पुढं गेले, गिरणी विचारत विचारत.

ती गिरणीतच होती. सावळी, उंच, भुवयांवर पीठ. मी सगळं सांगितलं. तिनं पट्टा थांबवला. एकदम झालेल्या शांततेत ती म्हणाली, "बाई गोरी व्हती का? समोरचा दात थोडा पुढं?"

"हो."

"वहिनीची बहीण." ती पिठाच्या डब्यावर बसली. मग म्हणाली, "त्यानं सही मागितली असती तर मी फुकट दिली असती. आता नाय देत."

वकिलांचा पत्ता मी तिला दिला. तिनं वारस म्हणून हरकत घेतली. सुनावणीला येताना ती माझ्याकडं उतरायची. हातात नेहमी काहीतरी असायचं, कधी ज्वारीचं पीठ, कधी शेंगा. शेवटच्या तारखेला मी तिच्याबरोबर तहसीलला गेले. भावानं विरोध केलाच नाही. तिचं नाव लागलं. बाहेर झाडाखाली तो आमच्याजवळ आला, माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, "कोर्टकचेरी कशाला केलीस? आधी बोलली असतीस तर."

"तू इचारलं असतंस तर."

"इचारायची लाज वाटली गं. समदे प्लॉट इकून पोराच्या नोकरीचं बघायचं व्हतं. तू नाय म्हणशील म्हणून भ्यालो."

ती रडली नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं. माझ्या घरून बांधून आणलेल्या भाकरीतली अर्धी त्याला दिली. त्यानं ती उभ्याउभ्याच खाल्ली. त्या दिवाळीला त्यानं तिला माहेरी बोलावलं नाही. पुढल्या दिवाळीला मात्र स्वतः न्यायला गेला.

जमीन त्यांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. तिनं मला तिच्या भागातला प्लॉट देऊ केला. वकिलांनी कागद पाहून मान डोलावली, मोजणी करून घ्या म्हणाले, नवराही तयार झाला. पण मला तिथं उभं राहवेना. त्या माळावर गेलं की दोघा भावंडांच्या मधोमध आपण उभे आहोत असं वाटायचं. मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, ते मला दिसलं.

नंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला आम्ही दोन खोल्यांची तयार जागा घेतली, माझ्या नावावर. कागद नीट होते, शेजारी चांगले होते. पहिले काही महिने मी पडदे बदलत राहिले, कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला हलवत राहिले. नवरा म्हणाला, "आता तरी बस." मी बसायची. मग उठून खिडकी उघडायची आणि समोरच्या रिकाम्या जागेत उभ्या असलेल्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचायची.