इंदूमावशींनी शिकवलेली लिफ्ट

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव घेत होते. पोलादपूरची माझी वर्गमैत्रीण सांगत होती, जाऊन आठ दिवस झाले, साधा ताप म्हणून अंगावर काढला, महाडला दवाखान्यात नेलं पण... मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि मुलींना मातीत मांडी घालून बसवलं. बसल्या जागी, नुसत्या बोटांनी आणि मनगटांनी बॉल डोक्यावर उचलायचा. दोन-चार मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, की हा सराव मावशींचा आहे. मला येतं ते सगळंच त्यांचं आहे, आणि ते आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही.

मावशी आमच्या शाळेत शिपाई होत्या. घंटा द्यायच्या, वर्ग झाडायच्या, ऑफिसात चहा न्यायच्या. लहानपणी वाडीत त्यांचे भाऊ व्हॉलीबॉल खेळायचे आणि एखादा गडी कमी पडला की या धाकट्या बहिणीला नेटजवळ उभी करायचे. तेवढंच त्यांचं शिक्षण. आमच्या शाळेला खेळाचे सर नव्हते. मग शाळा सुटली की मावशी पदर खोचून आम्हा आठ-दहा मुलींना मैदानात उतरवायच्या. पायरीवर उभ्या राहून कुठेही बॉल फेकायच्या, कधी पुढे, कधी मुद्दाम पाठीमागे, आणि ओरडायच्या, "अगो, बॉलच्या आधी पाय पोचले पायजेत! हात काय, हात मागनं येतात." मी लिफ्टर. स्मॅश मारणारीला नेटजवळ बॉल अलगद उचलून द्यायचा, हे माझं काम. बाकीच्या घरी गेल्या तरी त्या मला थांबवून घ्यायच्या. माझी बोटं चुकीची पडली की स्वतःच्या खरबरीत हातांनी एकेक बोट धरून जागेवर ठेवायच्या.

दहावीत असताना जिल्ह्याच्या संघाची निवड अलिबागला होती. मावशी रजा टाकून माझ्याबरोबर आल्या. तिथल्या मुलींच्या अंगावर ट्रॅकसूट, त्यांच्या कोचच्या गळ्यात शिट्टी... आणि माझ्यामागे नऊवारी नेसलेल्या मावशी, एका हातात माझी पिशवी, दुसऱ्यात डबा. माझा खेळ झाल्यावर निवड करणाऱ्या सरांनी मला जवळ बोलावलं. "लिफ्ट छान आहे. कोच कोण तुझे?"

"कोणी नाही, सर," मी म्हणाले. "माझी मीच शिकले."

"आणि त्या बाई?"

"त्या आमच्या शाळेच्या शिपाई. सामान सांभाळायला आल्यात."

मावशी चार हातांवर होत्या. त्यांनी ऐकलं. सर पुढे गेले तशी त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "पी. दमलीस." परतीच्या एसटीत खिडकीची जागा मला दिली. मी झोपेचं सोंग घेऊन महाडपर्यंत डोळे मिटून बसले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या नेहमीसारख्या पायरीवर उभ्या होत्या, हातात बॉल. वाटलं, रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

माझी निवड झाली. त्या खेळावर पुढचं शिक्षण झालं, नोकरी लागली. काही वर्षांनी गावच्या शाळेने माझा सत्कार ठेवला. मी भाषणात मुख्याध्यापकांचे आभार मानले, आईवडिलांचे मानले. मावशी तेव्हा स्टेजवर पाण्याचे ग्लास मांडत होत्या. नाव ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. पण त्यांचं नाव घेतलं तर अलिबागचं खोटंही सांगावं लागलं असतं... मी गिळलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांत मावशींच्याही होत्या.

गेल्या रविवारी त्यांच्या वाडीवर गेले. मावशींच्या वहिनी एकट्याच घरी होत्या. मी नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे तुमीच त्या लिफ्टर? आमच्या वन्सं साऱ्या वाडीला सांगायच्या तुमचं. आमी म्हनायचो, तुमीच शिकवलंत ना तिला? तर म्हनायच्या, नाय गो, ती पोर आपली आपन शिकली. मी नुसते बॉल टाकले."

त्यांनी दिलेला चहा माझ्या हातात तसाच राहिला. मी बोललेलं खोटं त्या वीस वर्षं माझ्यासाठी सांभाळत आल्या होत्या, मी कुठे उघडी पडू नये म्हणून. मी वहिनींना सगळं सांगितलं. अलिबागचं, पिशवीचं, सत्काराचं. काही वगळलं नाही.

 वहिनींनी उठून माझ्या हातातली गार झालेली कपबशी घेतली आणि म्हणाल्या, "आता मला सांगून काय गो बाय... त्या हुत्या तवा यायचंस."