पहिला मालक

सिल्वासाच्या टोकरखाड्यात कोणाला जुनी मोटरसायकल घ्यायची झाली, की तो आधी वसंत सोनवणेच्या दारात उभा राहायचा. वसंतभाऊ सोबत आले म्हणजे विकणाऱ्याचा चेहरा पडलाच म्हणून समजा. वसंत मूळचा शिंदखेड्याकडचा, यार्नच्या कारखान्यात फिटर, सिल्वासात राहूनच केस पांढरे झालेला. गाडी चालू करून बघायची त्याला घाई नसे. तो आधी सीटवर तळहात दाबायचा, डोळे मिटायचा आणि मग ज्योतिषासारखा बोलायला लागायचा.

"मालक भारी अंगाचा होता, पण एकटाच फिरायचा. मागची सीट बघा, कोरी आहे. लग्न झालेलं नसंल, नाहीतर बायकोशी पटत नसंल."

बहुतेक वेळा ते खरं निघायचं. ब्रेकच्या पायटीवरची झीज, टाकीवर पट्ट्याच्या बक्कलने काढलेले ओरखडे, हँडलच्या रबराला चिकटलेला घाम, सगळ्यातून त्याला आधीचा माणूस दिसायचा. मग तो माणूस कसा होता यावरून गाडी कशी असेल, हे तो सांगायचा.

स्वतःच्या संसारातही त्याने नवी वस्तू सहसा शिरू दिली नव्हती. कपाट जुनं, टीव्ही जुना, फ्लॅटसुद्धा एका बदली झालेल्या मास्तरांकडून घेतलेला. इतकंच काय, भावकीतल्या एका लग्नाचा मांडव सुटायच्या आत त्याने त्याच मांडवात दुसऱ्या दिवशी स्वतःचं लग्न उरकलं होतं, आणि फुलं तोवर टवटवीत होती हे तो आजही अभिमानाने सांगतो. त्याला कंजूष म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. पाहुण्याच्या खिचडीवर तेल सोडताना त्याचा हात कधी आखडला नाही. त्याला नव्या वस्तूची धास्ती वाटायची, एवढंच. जुन्या वस्तूच्या खोड्या आधीच्या माणसाने शोधून ठेवलेल्या असतात, नवीच्या आपल्याला शोधाव्या लागतात, असा त्याचा सरळ हिशेब होता.

त्याची बायको प्रमिला घरी फॉल-पिकोची कामं करते. तिने हा हिशेब वर्षानुवर्षं ऐकून घेतला. पण एके दिवशी झेंडा चौकात सगळंच बिनसलं.

दोघं एका साखरपुड्याला निघाली होती. प्रमिला ठेवणीतली मोरपंखी साडी नेसलेली, आणि गाडी ऐन चौकात बंद पडली. वसंत किका मारून घामाघूम झाला. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवून गुजरातीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत उद्धार करू लागले. एवढ्यात भाजीच्या गाडीजवळून एक बाई लगबगीने आली, गाडीकडे बघून हसली आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर आमचीच गाडी! भाऊ, जरा उजवीकडं वाकवा आणि मग किक मारा. आमच्याकडं असताना पण अशीच रुसायची."

उजवीकडे वाकवली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

वसंतला आनंद झाला. प्रमिलाचा मात्र चेहरा असा झाला की तो आनंद त्याने तिथल्या तिथे गिळून टाकला. साखरपुडा उरकेपर्यंत तिने कळ काढली. घरी आल्यावर बोलली. "माझ्या गाडीची नस दुसऱ्या बाईला माहीत! बस झालं. दुसऱ्याच्या बायकोनं बसून दाबलेल्या सीटवर मी आता बसणार नाही. नवी आणाल त्या दिवशी बसेन. नाहीतर तुम्ही तुमचे फिरा, मी माझी फिरते."

आणि ती खरंच बसेनाशी झाली. बाजाराला, लग्नाला, देवळाला प्रमिला शेअर रिक्षाने जाऊ लागली. वसंत बिचारा रिक्षाच्या मागोमाग गाडी चालवायचा. सिग्नलला रिक्षा थांबली की हाही थांबायचा, आणि रिक्षातल्या बायका प्रमिलाला विचारायच्या, "ते तुमचेच ना?" ती बाहेर बघत म्हणायची, "ओळखीचे आहेत."

हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. मागे कोणी नसलं की गाडी खड्ड्यात वेगळी उडते, हे वसंतला पहिल्यांदाच कळलं. काही दिसलं की तो सवयीने मान मागे करून बोलायला जायचा, आणि मागे रस्ता असायचा. त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बायको हवी होती, तर नवी गाडी हवी होती, आणि नवी गाडी घ्यायचं त्याला धाडस होत नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात एक नामी युक्ती आली. चांगल्यात चांगली जुनी गाडी शोधायची, घासूनपुसून लख्ख करायची आणि प्रमिलाला सांगायचं, नवी आहे! पारखायला तिला कुठे येतं?

नरोली रोडवर रमाकांतशेठचं नवं दुकान उघडलं होतं. रमाकांत डहाणूकडचा, हौशी माणूस. हल्ली कंपन्या कोऱ्या करकरीत मोटरसायकली जुन्या रूपात काढतात, तशा छोट्या गाड्यांची एजन्सी त्याने घेतली होती. गोल हेडलाइट, तारांची चाकं, फुगीर टाकी, चकचकीत मडगार्ड, सगळा थाट पूर्वीच्या काळचा. कानात बाळी घातलेली कॉलेजची पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. ज्यांनी तो काळ पाहिला होता ते मात्र दारातूनच विचारायचे, "शेठ, आमच्याकडं पण एक पडून आहे, घेणार का?" रांधा गावच्या एका गृहस्थाने तर आपली गंजकी गाडी टेम्पोत घालून आणली होती आणि रमाकांतने ती घेतली नाही म्हणून तो रागावून गेला होता.

वसंत रस्त्यावरून जाता जाता काचेतून आत बघून थबकला. रांगेने जुन्या गाड्या, आणि काय ठेवल्या होत्या! पोपटी, तांबडी, काळी, एकेक रंगाची एकेक. त्याला वाटलं, कोणीतरी शौकीन माणसाने जुना माल नवा करून विकायला काढलाय. आपल्याला हवं होतं ते हेच.

आत स्नेहल नावाची मुलगी गिऱ्हाइकं बघत असे. ती हसत पुढे आली. "या ना काका. कोणतं मॉडेल दाखवू?"

वसंत पोपटी गाडीपाशी गेला. तळहात सीटवर ठेवला, दाबला, डोळे मिटले. काहीच नाही. मागची सीट दाबली. तिथेही काही नाही. त्याने वाकून पायटी पाहिली, टाकीवरून बोट फिरवलं, हँडलचं रबर नाकाशी नेलं. त्याने इतकी वर्षं गाड्या वाचल्या, आणि या गाडीत त्याला माणूसच सापडेना.

"पहिला मालक कोण होता हिचा?" त्याने विचारलं.

"मालक? काका, नवी आहे ही. ब्रँड न्यू! मीटर बघा ना."

वसंतने मीटर बघितला. सगळी शून्यं, शेवटी एकच आकडा. त्याला हसू आलं. मीटर मागे फिरवणारे त्याने खूप पाहिले होते, पण पार शून्यावर नेऊन ठेवण्याचा निलाजरेपणा आजवर कोणी केला नव्हता. चोरानेसुद्धा थोडी लाज ठेवायला हवी.

"पासिंग कुठलं?"

"इथलंच होईल ना काका, तुमच्या नावावर."

"हां, म्हणजे ट्रान्सफर." वसंतने मान डोलावली. किंमत ऐकून तो चपापला, पण जुन्या गाड्यांच्या मागे वेडी झालेली माणसं वाटेल तो भाव देतात हेही त्याला माहीत होतं. शिवाय काम असं बेमालूम केलेलं, की कारागिराचे पाय धरावेत. तो हळूच स्नेहलकडे सरकला. "हे बघा ताई, मी कोणाला सांगून नाही राहिलो. पण माझी मिसेस येईल ना, तिच्यासमोर पण हेच म्हणायचं. नवी आहे. बिलकुल नवी."

"म्हणजे काय काका, नवीच आहे!"

"बास! असंच. असंच म्हणायचं," वसंत म्हणाला आणि त्याने डोळा मारला. काकांच्या डोळ्यात कचरा गेला असावा असं वाटून स्नेहलने पाणी आणून दिलं.

गाडी ठरली. स्नेहलने बोट ठेवलं तिथे वसंतने सह्या केल्या. पण कारखान्यात मशीनपाशी उभा राहिला तरी त्याचं मन त्या सीटवरच घुटमळत होतं. इतकी चांगली गाडी कोणी विकली का? आणि ज्याने ती चालवली, तो बसला कुठे? जुन्या गाडीत माणूस सापडला नाही असं आजवर झालं नव्हतं. मधूनच त्याला प्रमिला आठवायची. नवी गाडी आणतोय म्हटल्यापासून ती इतकी खूश होती की शेजारणींना स्वतःहून चहा पाजत होती.

गाडी मिळायच्या दिवशी प्रमिला तीच मोरपंखी साडी नेसून आली, हातात औक्षणाचं ताट. पोपटी गाडी हार घालून दाराशी उभी होती. प्रमिलाने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

"अहो, ही तर जुनी आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावचे ग्रामसेवक अशीच फिरवायचे."

वसंत घाईघाईने म्हणाला, "नवी आहे. फॅशन आहे आता तशी. विचार ना ताईंना."

"काकू, एकदम नवी आहे," स्नेहल म्हणाली. काय बेमालूम खोटं बोलते ही पोरगी, वसंतच्या मनात आलं, आणि त्याला तिची नव्हे, स्वतःची लाज वाटली.

प्रमिलाने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगताय ना? मग झालं." तिने निरांजन लावलं, टाकीवर हळदकुंकवाचं बोट ओढलं, आणि बोट तिथेच ठेवून ती थांबली. तिचे डोळे भरून आले. "लग्नाच्या मांडवापासून सगळं दुसऱ्यांचं झाल्यावर आपलं आलं. मी कधी बोलले नाही. आज पहिल्यांदा माझ्या हातचं कुंकू आधी लागतंय बघा."

आता मात्र वसंतला राहवेना. "प्रमिला, थांब," तो म्हणाला. "पुसून टाक ते. जुनी आहे गाडी. मी फसवत होतो तुला. तू मागं बसावीस म्हणून फसवत होतो. हे लोक पण माझ्याच सांगण्यावरून बोलून राहिले."

प्रमिलाच्या हातात निरांजन तसंच. स्नेहलचं तोंड उघडं ते उघडंच. "काका, अहो पण..." एवढंच ती म्हणू शकली.

रमाकांतशेठ गल्ल्यामागून उठला. रोज कोणी ना कोणी त्याच्या गाड्यांना जुनी म्हणतच होतं, पण विकत घेणाऱ्या माणसाने म्हणावं म्हणजे हद्द झाली. "वसंतभाई, मागे चला. तुम्ही पण चला वहिनी."

मागच्या गोदामात सकाळीच कंपनीचा ट्रक रिकामा झाला होता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, आरसे अजून न बसवलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. पोपटी, पोपटी, पोपटी. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. वसंत पहिल्या गाडीपाशी गेला आणि प्लॅस्टिकवरूनच त्याने सीट दाबली. मग दुसरीची. मग तिसरीची. दोन जुन्या गाड्या एकसारख्या असूच शकत नाहीत, हे त्याच्याइतकं सिल्वासात कोणाला ठाऊक होतं? त्याचा हात शेवटच्या गाडीवर थांबला.

"मग... पहिला मालक?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तुम्ही, काका," स्नेहल म्हणाली. "तुम्हीच."

वसंत तिथेच खाली एका खोक्यावर बसला. एवढा माणूस, पण त्याच्या नजरेला नजर देणं कोणाला जमेना. प्रमिला त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे मला जुनी गाडी नवी म्हणून द्यायला निघाला होतात तुम्ही?"

"हो."

"आणि आणली नवीच?"

"...हो."

प्रमिलाचा ओठ थरथरला. रमाकांतशेठ घाबरून मागे सरकला. आणि मग ती जी हसत सुटली, ती पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. "अहो, एवढं आयुष्य गेलं, एकदा बायकोला फसवायला निघालात, तेही धड जमलं नाही तुम्हाला!" स्नेहल हसली, शेठ हसला, ट्रकचा हमाल काही न कळता हसला. शेवटी वसंतही हसला, पण त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

बाहेर आल्यावर प्रमिला आधी गाडीवर बसली. मागे, पुढे बसणाऱ्यासाठी जागा सोडून, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. "बसा," ती म्हणाली. वसंतला गाडीवर पाय टाकायची हिंमतच होईना. ओरखडा पडला तर? पडला तर तो त्याचाच पहिला! "बसा म्हणते ना. लोक बघताहेत."

गाडी निघाली ती चालत जाणाऱ्याच्या वेगाने. सायकलवाले पुढे गेले, एक शाळकरी पोरगी पुढे गेली. वसंतच्या पाठीशी ओळखीचं वजन टेकलं होतं, आणि त्याला हा रस्ता संपूच नये असं वाटत होतं.

टोकरखाड्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीशी मंगेश बसला होता. वसंतने आजवर त्याला तीन गाड्या घेऊन दिल्या होत्या. गाडी बघून तो ग्लास ठेवून उठलाच. "वा वसंतभाऊ! काय चीज शोधली! जुना माल असावा तर असा. आधी कोणाची होती?"

प्रमिला बोलायला गेली, पण वसंतने हात वर करून तिला थांबवलं. गाडी उभी केली, पाय नीट टेकले.

"कोणाचीच नव्हती," तो म्हणाला. आणि त्याने टाकीवरच्या कुंकवाच्या बोटाशेजारी तळहात ठेवला. मंगेश गोंधळून दोघांकडे बघत राहिला, आणि प्रमिलाने मागून वसंतच्या पाठीत हळूच ढोसलं, "चला आता घरी."