अकरा पौंड गॅस

लग्नाआधी पुण्याच्या कॉलेजात मी सायन्सचं एक वर्ष केलं होतं. धुळ्याला सासरी त्याचा उपयोग एवढाच झाला, की आमच्या सोडावॉटरच्या कारखान्यातलं गॅसच्या टाकीचं वजन बघायचं काम माझ्याकडे आलं. टाकी काट्यावरच उभी असे.

वैशाखात एका सकाळी बघते, तर आदल्या संध्याकाळपेक्षा वजन अकरा पौंडांनी कमी. टाकीची चावी नीट बसली नव्हती. मी ती आवळली आणि पाटी घेऊन बसले. अकरा पौंड म्हणजे सुमारे पाच हजार ग्रॅम. कार्बन डायॉक्साइडच्या एका मोलचं वजन चव्वेचाळीस ग्रॅम. भागाकार केला, एकशे तेरा आले.

सासरे दारात आले. ते अहिराणीतच बोलत. "काय करी ऱ्हायनी?"

"आबा, गॅसचे मोल काढतेय."

"मोल? ते त बिलवर लिखेल शे."

मला हसू आलं. हसतहसतच पुढचा गुणाकार केला. एका मोलला बावीस पूर्णांक चार लिटर. म्हणजे अडीच हजार लिटर.

एवढा गॅस या खोलीत सुटला होता आणि मला साधा ठसकाही लागला नव्हता. मग तो गेला कुठे? हवेपेक्षा जड गॅस खाली उतरतो. मी वळून पाहिलं. कोपऱ्यातलं तळघराचं झाकण उघडं होतं.

"आबा, हे कुठे आहेत?"

"बाटल्या लेवाले खाले गया."

मी धावले, हाका मारल्या. ओ आली नाही. यांनी नेलेला कंदील खाली दिसायला हवा होता, पण नुसता अंधार होता.

"आबा, खाली श्वास घेऊ नका!" मी ओरडले. त्यांनी छाती भरून घेतली आणि ते उतरले. हे खालच्या पायरीवर बसलेले होते, मान छातीवर. आबांनी त्यांना काखेत धरून वर ढकललं, मी हात ओढले.

अंगणात बऱ्याच वेळाने यांनी डोळे उघडले. डोकं फुटतंय म्हणाले. दुपारी नुसतं एवढंच बोलले, "तू लिहीत होतीस, म्हणून न सांगताच उतरलो."

वजन कमी दिसलं तेव्हाच मी ओरडायला हवं होतं. मी गणित पुरं करत बसले, आणि हे माझ्या पाठीमागून खाली गेले.

आबांनी कारखान्याच्या दारंखिडक्या उघड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी दोरीला बांधून कंदील खाली सोडला, तर पाचव्या पायरीशी तो विझला. तिसऱ्या दिवशी तळापर्यंत जळत राहिला. तरी कुणी उतरलं नाही.