कौल सहीला होता

त्या दिवशी मी देवीवर रागावूनच घरी निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. मालक चीनच्या लढाईत गेले त्याला दोन वर्षं होत आली होती. मी मॅट्रिक पास, पदरात चार वर्षांची शालू, हाताला काम नाही, घर चालायचं ते त्यांच्या पेन्शनवर. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, सुटीवर आलो की साताऱ्याच्या कॉलेजात तुझं नाव घालू, तुला बीए झालेली बघायचीय. ते पत्र इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटलं. माणूस परत येणार नव्हता. निदान त्याचं बोलणं तरी खरं व्हावं, अशी ओढ लागली होती.

धीर करून कॉलेजात अर्ज दिला. फी पेन्शनमधूनच भरायची होती, आणि तिथं माझी अक्कल आडवी आली. मालक गेल्याची तार आली तेव्हा मला पेन धरवत नव्हतं, म्हणून सासऱ्यांनी कागदांवर माझा अंगठा उमटवला होता. तेव्हापासून अंगठाच चालायचा. आता आपण कॉलेजात जाणार, या तोऱ्यात मी यंदा साताऱ्याच्या कचेरीत, वर्षातून एकदा द्यायच्या हयातीच्या दाखल्यावर, ठसठशीत सही ठोकली. कारकुनानं कागद परत सरकवला. "बाई, नोंदीला अंगठा आहे. अंगठा द्या आणि ओळख पटवणारं माणूस आणा." मी शिकलेली बाई अंगठा देणार नाही, असं सुनावून तणतणत रहिमतपूरला घरी आले. पेन्शन अडकली, आणि फी भरायला दोनच दिवस उरले.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या टेकडीवर देवीआईला कौल लावला. माझी सही मंजूर होईल का, एवढंच विचारलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. बऱ्याच वेळानं डावी पडली. मी रागानं घरी निघाले, पण पायरीवरच बसून हमसून हमसून रडले. नारळ-फुलं घेऊन आलेली एक म्हातारी शेजारी टेकली. तिला मी सगळं सांगितलं, तर ती चक्क हसली.

"आगं लेकी, आईनं सहीला न्हाई म्हटलंय. कालेजाला कुठं न्हाई म्हटलंय?"

मी पदरानं डोळे पुसले. ती म्हणाली, "माझा मालक ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला. तवापसनं आंगठा देतीया. देताना मनातल्या मनात त्येचं नाव घेती. कारकून हात धरतो, पर मला वाटतं त्योच धरतोय. उद्या मलाबी कचेरीत जायचं हाय, संगं चल. मी पटवती तुझी वळख."

"पण तुम्ही मला कुठं ओळखता?"

"तुझं रडणं वळखती की."

सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो. कारकून तिला बघून ओळखीचं हसला आणि त्यानं तिची साक्ष मानली. त्यानं माझा अंगठा शाईवर टेकवला, तेव्हा मी उखाण्याशिवाय पहिल्यांदा मालकांचं नाव घेतलं, मनातल्या मनात. दोन वर्षांत त्यांच्या इतकं जवळ मी कधीच नव्हते. ठसा जुन्या नोंदीशी जुळला, पेन्शन हातात पडली आणि कॉलेजची खिडकी बंद व्हायच्या आत फी भरली. आभार मानायला वळले तर म्हातारी गर्दीत निघून गेली होती. नंतर टेकडीवर पुष्कळदा चौकशी केली, कारकुनालाही तिचं नाव सांगता आलं नाही, आणि ती पुन्हा भेटली नाही. ती कोण होती याचा काथ्याकूट मी करत नाही. ती आली, एवढं मला पुरतं.

चार वर्षांनी बीए झाले. आता शाळेत शिकवते, दिवसभर वह्यांवर सह्या करते. डावी कळी पाडल्याबद्दल आईचे उपकार मानते. उजवी पडली असती तर माझा ताठा तेवढा जिंकला असता. पेन्शनच्या नोंदीत सही लावून घ्या, असं कारकून दरवर्षी सुचवतो. मी नको म्हणते आणि अंगठा पुढं करते. वर्षातून तेवढाच एकदा ते माझा हात धरतात.