माईची ओटी

आईला घेऊन मी अमरकंटकला निघाले तेव्हा रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत एकही माणूस माझ्या बाजूने नव्हता. आईला हल्ली काही आठवत नाही. जेवण झालं की नाही, बाबा आहेत की गेले, मी मुलगी की शेजारीण, सगळंच तिला धूसर झालं आहे. आठवतो तो फक्त एक नवस. लहानपणी मी तापाने फणफणले होते, आशा सुटली होती, तेव्हा "पोर वाचू दे, तुझी ओटी भरीन" असं तिने नर्मदामाईला कबूल केलं होतं. संसाराच्या रगाड्यात ते राहून गेलं. आता दिवसातून कितीदा तरी ती म्हणायची, "मले माईची ओटी भरायची हाय वं." हेही ती विसरली तर? नवस तिचा होता, पण वाचलेला जीव माझा होता. मला घाई झाली होती.

नागपूरहून भावाचा फोन आला. "तिले घरातली मोरी सापडत नाही, अन् तू तिले रातभर बसमध्ये घालून पहाडावर काहून नेऊन राहिली?" मी म्हटलं, "शाळेच्या एवढ्या सहली नेल्या मी, एक पोट्टं हरवलं नाही. एक आई नाही सांभाळल्या जात काय मले?" खरं सांगते, माझा माईवर विश्वास होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या बंदोबस्तावर होता. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची डबी असं सगळं एका पिशवीत घातलं, पिशवी आईच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या पदराची माझ्या ओढणीशी घट्ट गाठ मारली, लग्नात नवरा-नवरीची मारतात तशी. बसमधला एक जण हसला. हसू दे म्हटलं, आणि निवांत झोपले.

पहाटे थंडीने जाग आली. बस घाटात एका चहाच्या टपरीपाशी उभी होती आणि बाहेर दाट धुकं होतं. शेजारची सीट रिकामी होती. माझी ओढणी मोकळी लोंबत होती. गाठ ओढून सुटलेली नव्हती, नीट सोडवलेली होती.

कशीबशी खाली उतरले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दोन्ही दिसत नव्हते. जन्म रायपुरात गेला, हिंदी मी झोपेतही बोलते, पण त्या वेळी तोंडातून एकच शब्द फुटत होता. "आई? आई?" चहा पिणारे प्रवासी एकमेकांकडे बघू लागले. "कौन आई, दीदी?" एकाने विचारलं. माई, माझ्याच्याने आता होत नाही, तूच बघ, एवढंच मनात म्हटलं आणि पुन्हा ओरडले, "आई?"

टपरीच्या मागून एका बाईचा आवाज आला. "हव, आए हे! भीतर बइठे हे!"

हो, आली आहे, आत बसली आहे. मी आईला हाक मारत होते. त्या बाईला ते हिंदी वाटलं, ती आली का, असं कुणी विचारतंय. तिने विचारल्याचं सरळ उत्तर दिलं होतं.

मागच्या खोलीत आई चुलीपाशी कांबळं पांघरून बसली होती. या टपरीवालीला सगळे माई म्हणतात. बस थांबल्यावर कुणीतरी "चलो, माई की दुकान आ गई" म्हणालं असणार. आईने माई एवढंच ऐकलं, गाठ सोडली, पिशवी उचलली आणि आपल्या माईकडे निघून आली. ओटी भरूनही झाली होती. "दाई हर मोर ओली मं नरियर डार दिस," ती बाई मला सांगत होती. पदराच्या झोळीला इकडे ओली म्हणतात, आणि आईला दाई. तिच्या हातात बांगडी नव्हती, कपाळावर मात्र आईने लावलेलं भलंमोठं कुंकू होतं. "घरवाला गे के बाद कोनो नइ भरे रहिस," नवरा गेल्यावर कुणी भरलीच नव्हती, म्हणाली आणि रडू लागली, पण पदर काही तिने खाली सोडला नाही. अहो, हे नदीसाठी आणलं होतं, असं माझ्यातल्या शाळेच्या बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. आईचा चेहरा पाहिला आणि गिळलं. इतकी तृप्त मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

अमरकंटकला नर्मदेच्या उगमाच्या कुंडापाशी मी तरीही नवा नारळ घ्यायला वळले. आईने हात धरला. "भरली न ओटी. दोनदा काहून?" मग मी रिकामेच हात जोडले. भाऊ म्हणतो, नशीब चांगलं म्हणून सापडली. म्हणू दे. मला वाद घालायचा नाही. माझा सगळा बंदोबस्त जिथे संपला तिथे मला हो म्हणणारं कुणीतरी होतं, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्या उपकारातून मी उतराई होणार नाही.

परतीच्या बसमध्ये मी गाठ मारली नाही. आईला खिडकीशी बसवलं, माईवर भार टाकला आणि डोळे मिटले. रायपूर आलं तशी उतरायला उठले, तर मागून ओढ बसली. मी झोपले असताना आईने आपला पदर माझ्या ओढणीला बांधला होता.

"हरवशीन न वं," ती म्हणाली. "मंग मी माईले काय सांगू?"