सासूबाईंचा चेक

आमच्या अलास्कात जानेवारीत अर्ज केला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्याच्या तेल-उत्पन्नातला वाटा, म्हणजे डिव्हिडंड, प्रत्येक रहिवाशाच्या खात्यात जमा होतो. माझ्या सासूबाई मत्रोना यांचा मात्र चेक येतो, तोही महिनाअखेरीस, टपालाच्या विमानानं; आमच्या गावाला रस्ता नाही.

"आई, बँकेत खातं काढ. पैसे रातोरात येतात," माझा नवरा इवन दरवर्षी म्हणतो.

"आणि रातोरात जातात," त्या मासे कापता कापता म्हणतात.

यंदा आमच्या दोघांच्या पैशांची इवननं बर्फावर चालणारी नवी स्नोमोबाइल आणली. मग धुकं उतरलं, नदी गोठायला लागली, आणि आठवडाभर विमान आलं नाही. शेगडीचं तेल तळाला गेलं आणि नवं घ्यायला आमच्या खात्यात पैसे उरले नव्हते. खात्याचा विषय कुणी काढेना.

शेवटी मंगळवारी विमानाची घरघर ऐकू आली आणि माझा जीव भांड्यात पडला. धावपट्टीवर सगळ्यांच्या पुढे इवन उभा होता, हातात तेलाचा रिकामा डबा घेऊन.

सासूबाईंनी पाकीट फोडलं, चेक बघितला, मग डब्याकडे बघितलं.

"चल, भरून आणू," त्या म्हणाल्या. "घरात एकाचे तरी पैसे उशिरा आलेले बरे."